माग, पिंजरा आणि सुई : माणिकडोह बिबट निवारा केंद्राची वाटचाल

जुन्नर शहरापासून थोड्याच अंतरावर, कुकडी नदीवरील माणिकडोह धरणाच्या परिसरात बिबट निवारा केंद्र आहे. विहिरीत पडलेला, फासात अडकलेला, रस्त्यावर गाडीची धडक बसलेला किंवा आईपासून तुटलेला बिबट्या जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांत कुठेही सापडला, की त्याला बहुधा इथेच आणले जाते. दोन दशकांहून अधिक काळ हे काम अखंड चालू आहे. या केंद्राची वाटचाल सांगायची, तर सुरुवात शिकारीपासून करावी लागते. माग काढणे, दबा धरणे, पिंजरा लावणे, नेम साधणे ही सारी विद्या मुळात शिकाऱ्याची. ती जीव घेण्याकडून जीव राखण्याकडे कशी वळली, तेच या केंद्राचे चरित्र आहे.

पूर्वपीठिका

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत आहे. नाणेघाटापासून भीमाशंकरपर्यंतच्या या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. जंगलाचे ज्ञान त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग होते. ओल्या मातीतल्या ठशावरून जनावर केव्हा गेले, एकटे होते की पिलांसह होते, हे सांगणारी माणसे प्रत्येक वाडीत असत. हाका घालून डुक्कर उठवणे, वाटेवर फासे मांडणे, वाघर लावून ससे धरणे हे शिकारीचे सर्वपरिचित प्रकार. शिकारीला मर्यादाही होत्या. बिबट्याला इथे आजही पुष्कळ जण सरळ ‘वाघ’ म्हणतात आणि त्या वाघाला देवपण आहे. गावाच्या शिवेवर वाघोबाचे ठाणे असते. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे इतरत्र वसुबारस साजरी होते त्या दिवशी, आदिवासी गावांत वाघबारस होते आणि गुराढोरांची राखण कर म्हणून वाघोबाला नैवेद्य दाखवला जातो.

ब्रिटिश अमदानीत हे नाते बदलू लागले. वाघ-बिबट्या हे उपद्रवी प्राणी ठरले आणि मारलेल्या जनावरामागे सरकारी बक्षीस मिळू लागले. बंदूकधारी शिकाऱ्याला प्रतिष्ठा आली. स्वातंत्र्यानंतरही काही काळ परवान्यावर शिकार चालू राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्रथेला पूर्णविराम दिला. आज बिबट्या या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवाला धोका झालेला बिबट्या पकडायचा किंवा मारायचा असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले आणि डोंगरातल्या जंगलाला संरक्षण मिळाले.

कायद्याने शिकार थांबली, तरी शेतीचे नुकसान करणाऱ्या डुकरांसाठी तारेचे फासे चोरून लावले जातच राहिले. त्या फासाला डुक्कर आणि बिबट्या हा भेद कळत नाही. कमरेत किंवा पंजात तार रुतलेला बिबट्या हे दृश्य पुढे केंद्राच्या डॉक्टरांना वारंवार पाहावे लागले.

पाणी आले, ऊस आला

डोंगरातला बिबट्या शिवारात येण्यामागे पाण्याचा मोठा इतिहास आहे. कुकडी प्रकल्पाखाली येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे टप्प्याटप्प्याने उभी राहिली. कालव्याचे पाणी आणि नदीवरच्या उपसा योजना यांनी कोरडवाहू बाजरीच्या रानांत ऊस उभा केला. जुन्नरमध्ये विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने शेतकऱ्याच्या संसाराचे आधार झाले. घरे पक्की झाली, मुले शिकली, गोठ्यात संकरित गाई आल्या. या समृद्धीचा अभिमान दोन्ही तालुक्यांना आहे आणि तो रास्त आहे.

ऊस बिबट्यालाही मानवला. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा असतो. एवढ्या काळात मादी त्यात पिले घालते आणि ती पिले चालती-फिरती होतात. आत गारवा, शेजारी पाट, बांधापलीकडे वस्ती आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. उसात जन्मलेल्या बिबट्याला डोंगराची ओळखच राहिली नाही. त्याचे घर म्हणजे फड. असे बिबटे पिढ्यामागून पिढ्या वाढत गेले आणि रात्रपाळीच्या लाइटवर पाणी धरायला निघालेला शेतकरी त्यांच्या वाटेत येऊ लागला.

२००१ ते २००३ : कठीण पर्व

या शतकाच्या आरंभी जुन्नर वनविभाग राज्यभर गाजला तो दुःखद कारणाने. माणसांवरचे हल्ले वाढले, लहान मुले दगावली, गावे संतापली. ‘पिंजरा लावा’ ही प्रत्येक ग्रामसभेची मागणी झाली. वनविभागाने पिंजरे लावले, बिबटे धरले आणि दूरच्या जंगलात नेऊन सोडले. त्या वेळच्या समजुतीप्रमाणे हाच मार्ग योग्य वाटत होता. जनावर जंगलाचे, तेव्हा ते जंगलात परत गेले म्हणजे प्रश्न मिटला, असे साऱ्यांनाच वाटे.

प्रश्न मिटला नाही, उलट वाढला. वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी या काळाचा बारकाईने अभ्यास केला. तो २०११ मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी २००१ ते डिसेंबर २००३ या काळात वस्तीजवळ पकडलेले २९ बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटर दूर सोडण्यात आले होते. त्याआधी या विभागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. स्थलांतर सुरू झाल्यावर ही सरासरी सतरावर गेली. प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोहोचले. अनोळखी मुलखात सोडलेले, घाबरलेले आणि पिंजऱ्याचा ताण सोसलेले जनावर अधिक धोकादायक ठरते, हा धडा जुन्नरला फार मोठी किंमत देऊन मिळाला. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने मानव-बिबट्या संघर्षासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सरसकट पकडून दूर सोडण्यापेक्षा खबरदारी, जनजागृती आणि प्रशिक्षित पथके यांवर भर होता.

याच धामधुमीच्या काळात माणिकडोहच्या केंद्राची गरज उभी राहिली. पकडलेल्या बिबट्यांपैकी काही सोडण्याजोगे नव्हते. कुणाचे सुळे पिंजऱ्याच्या गजांना चावून तुटले होते, कुणाचा पाय फासाने निकामी झाला होता, तर माणसावर हल्ला केल्याने काहींना परत सोडणेच शक्य नव्हते. वनविभागाने धरणालगत पिंजरे बांधून त्यांची सोय केली. सुरुवातीचे स्वरूप साधे होते. सांभाळणारे वनमजूर आणि वनरक्षक होते, पण वन्यप्राण्यांचा पूर्णवेळ डॉक्टर नव्हता. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून किंवा पुण्याहून वैद्यकीय मदत मिळवावी लागे. गाई-म्हशींवर हात बसलेल्या डॉक्टरांनी त्या काळात आपले ज्ञान आणि धैर्य पणाला लावून बिबट्यांवर उपचार केले. त्यांचे ऋण या केंद्रावर आहे.

त्याच वर्षांत डॉ. अत्रेय आणि पशुवैद्य डॉ. अनिरुद्ध बेलसरे यांनी पकडलेल्या बिबट्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी ओळखचिप बसवण्याचे काम केले. चिप वाचणारे यंत्र अंगावरून फिरवले की जनावराचा क्रमांक मिळतो. आपण पकडलेला बिबट्या नवा की पूर्वीचाच, या प्रश्नाला प्रथमच पक्के उत्तर मिळू लागले. जुना शिकारी ठशावरून जनावर ओळखत असे. त्या ओळखीला आता क्रमांकाची जोड मिळाली.

२००७ : नवे वळण

२००७ मध्ये महाराष्ट्र वनविभाग आणि ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था यांच्यात सहकार्य झाले आणि केंद्राच्या वाटचालीला निर्णायक वळण मिळाले. कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या पाठीशी अस्वलांच्या सुटकेचा अनुभव होता. माणिकडोहला निवासी पशुवैद्य, उपचारकक्ष, औषधांचा साठा आणि प्रशिक्षित काळजीवाहक मिळाले. डॉ. अजय देशमुख यांनी येथे दीर्घ काळ पशुवैद्य म्हणून काम केले. रात्री-अपरात्री विहिरीच्या काठावर उभे राहून बिबट्यांची सुटका करणारे डॉक्टर म्हणून त्यांचे नाव परिसरात परिचित झाले. त्यांच्यासोबत आणि त्यांच्यानंतर अनेक तरुण डॉक्टरांनी इथे कामाचे धडे घेतले.

तीसहून अधिक बिबट्यांचा सांभाळ ही रोजची जबाबदारी आहे. मांसाचे मोजमाप, पिंजऱ्यांची धुलाई, उन्हाळ्यात पाण्याची सोय, म्हाताऱ्या जनावरांचे सांधे आणि डोळे यांची तपासणी, अशी कामे सकाळपासून सुरू होतात. बंदिवासातला बिबट्या वीस वर्षांपर्यंत जगू शकतो, जंगलात मात्र एवढे आयुष्य क्वचितच लाभते. म्हातारपणाचे आजार पाहण्याची पाळी येते, यातच इथल्या देखभालीची पावती आहे. बंदिस्त जनावराचा वेळ जावा म्हणून ओंडके, मचाणे आणि खेळणी करून देण्याचे कामही काळजीवाहक आपल्या कल्पकतेने करतात.

गोळीच्या जागी सुई

शिकारीचे रूप कसे पालटले, हे सुटकेच्या मोहिमेत सर्वाधिक स्पष्ट दिसते. विहिरीत बिबट्या पडल्याची खबर पोलीस पाटील किंवा सरपंच वनविभागाला देतात. वनरक्षक आधी पोहोचतात आणि पहिले काम करतात ते गर्दी मागे हटवण्याचे. दमलेले जनावर बुडू नये म्हणून दोराला बांधलेली बाज विहिरीत सोडली जाते. बिबट्या तिच्यावर चढून बसतो. मग पिंजरा खाली उतरतो आणि बहुतेक वेळा बिबट्या स्वतःहून आत शिरतो. भुलीचे औषध लागलेच, तर फुंकनळी किंवा विशेष बंदूक वापरतात. तिच्यातून गोळीऐवजी औषध भरलेली सुई सुटते.

नेम इथेही लागतो, पण त्याचे गणित वेगळे आहे. शिकारी काळजाचा वेध घेई. डॉक्टर मांडीचा किंवा खांद्याचा जाड स्नायू शोधतो. झायलाझिन आणि केटामिन यांची मात्रा वजनाच्या अंदाजावर ठरते. मात्रा कमी पडली तर अर्धवट गुंगीतले जनावर अंगावर येते, जास्त झाली तर श्वास मंदावतो. सुई लागल्यावर औषध भिनेपर्यंत काही मिनिटे संपूर्ण शांतता हवी असते. शेकडो माणसे जमलेल्या शिवारात ती मिळवणे हीच सर्वात अवघड गोष्ट. भूल चढली की डोळ्यांवर फडके, डोळ्यांत मलम, तापमानाची नोंद, रक्ताचा नमुना, जखमेची मलमपट्टी आणि चिपची तपासणी ही कामे घड्याळ लावून उरकली जातात. जुन्या छायाचित्रांत शिकारी मेलेल्या जनावरावर पाय ठेवून उभा असे. इथे माणसे गुडघे टेकून त्याचा श्वास मोजतात.

उसाच्या फडातली पिले

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. बीड-नगरकडच्या ऊसतोड टोळ्या फडाशेजारी कोप्या घालतात. तोड सुरू असताना पाचटात बिबट्याची पिले सापडणे ही या भागातली नेहमीची घटना झाली आहे. पूर्वी अशी पिले उचलून आणली जात आणि जन्मभर पिंजऱ्यात वाढत. पिले हरवलेली मादी आठवडाभर त्याच शिवारात घोटाळत राही आणि तिचा राग वस्तीला भोवे.

केंद्राने आणि वनविभागाने या कामाची पद्धतच बदलली. पिले सापडताच तोड थांबते. डॉक्टर येऊन पिलांची प्रकृती पाहतात, अंगावरच्या गोचड्या काढतात, अशक्तपणा असेल तर उपचार करतात आणि ओळखचिप बसवतात. संध्याकाळी पिले भाजीच्या क्रेटमध्ये ठेवून, जिथे सापडली त्याच जागी ती क्रेट ठेवली जाते. जवळ कॅमेरे लावून सगळे दूर जातात. मादी अंधार पडल्यावर येते, क्रेट पाडते, एकेक पिलू मानगुटीत धरून घेऊन जाते. कधी पहिल्या रात्री येत नाही, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीही वाट पाहावी लागते. अशा पुनर्भेटी जुन्नर आणि आंबेगावच्या शिवारांत वारंवार यशस्वी झाल्या. या कामात ऊसतोड मजुरांचा वाटा सर्वात मोठा आहे. टनावर मजुरी मिळवणाऱ्या माणसाने दिवसाची तोड थांबवायची म्हणजे काय, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

रोगाशी सामना

जखमांपाठोपाठ केंद्रापुढे दुसरे आव्हान उभे राहिले ते संसर्गजन्य रोगांचे. त्याचे मूळ बिबट्याच्या आहारात आहे. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात डॉ. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्याच्या आहारातला ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच होता, कारण शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रे उघड्यावर. ज्या कुत्र्यावर बिबट्या जगतो, त्याच कुत्र्याकडून डिस्टेंपर आणि रेबीज यांसारखे रोग त्याच्याकडे येऊ शकतात.

डिस्टेंपर किती घातक ठरू शकतो हे २०१८ मध्ये गीरमध्ये दिसले. तिथे काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले, मृतांपैकी काहींत हा विषाणू सापडला आणि परदेशातून लस मागवावी लागली. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात डॉ. बेलसरे आणि सहकाऱ्यांनी मोकाट कुत्री आणि खोकड यांच्यातील विषाणूंचा अभ्यास करून गावातली कुत्री वन्यप्राण्यांच्या रोगांचे भांडार कशी होतात, हे दाखवून दिले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. एकाच आवारात अनेक मार्जारवर्गीय प्राणी सांभाळणाऱ्या राज्यातल्या प्रत्येक संस्थेला या घटनेने सावध केले.

म्हणूनच निवारा केंद्राच्या कामात रोगनियंत्रणाला मध्यवर्ती स्थान आले. नवा बिबट्या आला की त्याला इतरांपासून वेगळे ठेवायचे, रक्त आणि विष्ठा तपासायची, जंतनाशक द्यायचे, लसीकरण करायचे, मांस कुठून आले याची खात्री करायची. मेलेल्या जनावराचे शवविच्छेदन नियमाने होते, कारण मृत्यूचे कारण समजले तरच उरलेल्यांना वाचवता येते. बिबट्याला हाताळणाऱ्याने रेबीजची लस घेतलेली असणे ही यातली पहिली शिस्त. खरी राखण मात्र केंद्राच्या कुंपणाबाहेर आहे. गावातल्या कुत्र्यांना लस टोचणे, त्यांची संख्या आटोक्यात ठेवणे, मेलेली जनावरे आणि कोंबड्यांची घाण शिवारात न टाकणे ही कामे ग्रामपंचायत आणि पशुवैद्यकीय दवाखाना यांनी मनावर घेतली, तर बिबट्याचा आजार टळतो आणि तो वस्तीकडे येण्याचे कारणही कमी होते.

जगात इतरत्रही रोगामुळे शिकारीचे रूप बदलते आहे. अमेरिकेत हरणांना होणारा मेंदूचा एक असाध्य आजार १९६० च्या दशकात कोलोरॅडोत प्रथम लक्षात आला. आज तिथल्या अनेक राज्यांत शिकारी आपण मारलेल्या हरणाचा नमुना प्रयोगशाळेत देतात. युरोपात आफ्रिकन स्वाइन फिव्हर पसरल्यापासून रानडुकरांच्या शिकाऱ्यांवर मेलेली डुकरे शोधण्याची जबाबदारी आली आहे. जुन्नर-आंबेगावात शिकारीला परवानगी नाही. इथे रोगावर नजर ठेवण्याचे तेच काम खबर देणारा गुराखी, वाट ओळखणारा ठाकर आणि नमुना घेणारा डॉक्टर मिळून करतात.

माग आता यंत्रांवरही

२००९ मध्ये या परिसरातल्या एका बिबट्याने अवघ्या महाराष्ट्राला चकित केले. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या नराला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. २९ दिवसांत सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. अभ्यासकांनी त्याला ‘आजोबा’ हे नाव दिले आणि २०१४ मध्ये त्याच्यावर याच नावाचा मराठी चित्रपट आला. दूर सोडलेला बिबट्या सोडल्या जागी राहत नाही, ही गोष्ट आजोबाने नकाशावर रेषा ओढून सिद्ध केली.

त्यानंतर कॅमेरा ट्रॅप, जीपीएस पट्टे, उष्णतेवरून जनावर टिपणारे ड्रोन, बिबट्याची आकृती ओळखून भोंगा वाजवणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे, घराभोवतीची सौर कुंपणे अशी साधने जुन्नर वनविभागात टप्प्याटप्प्याने आली. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनेही या विभागातल्या बिबट्यांचा अभ्यास केला. रात्री वाघर लावून मेंढरे कोंडणाऱ्या धनगरांना उघड्यावर झोपावे लागू नये म्हणून तंबू देण्यात आले. बिबटप्रवण गावांत शेतीला दिवसा वीज द्यावी ही मागणी शेतकऱ्यांनी लावून धरली आणि शासनाला तिची दखल घ्यावी लागली.

यंत्रे आली तरी जुनी नजर कालबाह्य झालेली नाही. ड्रोन उभ्या उसात फार आत पाहू शकत नाही. कॅमेरा कुठल्या पाणंदीवर लावायचा, पिंजऱ्याचे तोंड कोणत्या बाजूला करायचे, वारा कुठून आहे, हे अजून माणसालाच सांगावे लागते. ठशांवरून नर-मादी सांगणारे कर्मचारी आजही वनविभागाचा कणा आहेत. त्यांतले काही त्याच डोंगरातल्या वाड्यांतून आलेले आहेत.

परीक्षेचा काळ

वाटचाल चढतीच राहिली असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. बिबट्यांची संख्या वाढत गेली आणि हल्ले थांबले नाहीत. २०२४ मध्ये जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुक्यांतील २३३ गावे बिबट आपत्तीप्रवण क्षेत्र म्हणून घोषित करावी लागली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घोड नदीकाठच्या पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत तीन बळी गेले. त्यांत लहान मुले होती. लोकांचा संयम संपला. मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखला गेला. शेतात जाणाऱ्या माणसांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातल्याची छायाचित्रे देशभर पसरली. लेकरू गमावलेल्या घरापुढे सहजीवनाचे शब्द अपुरे पडतात, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाने मान खाली घालून मान्य केले.

पिंपरखेडला नोव्हेंबरमध्ये एका रात्री पथकाने बिबट्याला आधी भुलीची सुई मारली. ती चुकली, बिबट्या अंगावर आला आणि गोळी झाडावी लागली. शिकारीची जुनी बंदूक या प्रदेशातून नाहीशी झालेली नाही, पण ती आता रांगेत शेवटी उभी आहे. ठसे, कॅमेरा, पिंजरा आणि सुई हे सारे उपाय थकल्यावर, कायद्याच्या परवानगीनेच ती उचलली जाते. सुई आणि गोळी यांमधले अंतर किती कमी आहे, याची जाणीव त्या रात्रीने सर्वांना करून दिली.

या प्रसंगानंतर पिंजऱ्यांची संख्या वाढवण्याचे निर्णय झाले. पकडलेल्या बिबट्यांमुळे माणिकडोहच्या क्षमतेवर मोठा ताण आला. संख्या रोखण्याच्या दिशेनेही पाऊल पडले. जुन्नर विभागातील पाच माद्यांवर गर्भनिरोधाचा प्रायोगिक उपक्रम करण्यास केंद्र सरकारने तत्त्वतः मान्यता दिली. मुक्त बिबट्यांच्या बाबतीत हा नवाच प्रयत्न आहे. औषध टोचल्यानंतर त्या माद्यांचा माग वर्षानुवर्षे ठेवावा लागेल. ओळखचिप, पट्टा, भूल, रक्ततपासणी आणि कॅमेरा यांचा जो अनुभव जुन्नरमध्ये वीस वर्षांत साठला, तो या कामी येणार आहे.

आजचे स्थान

माणिकडोह बिबट निवारा केंद्र आज बिबट्यांच्या सुटकेचे आणि उपचारांचे राज्यातले एक मान्यवर केंद्र आहे. यामागे अगणित हात आहेत. वनसंरक्षकांपासून वनमजुरांपर्यंतचे अधिकारी-कर्मचारी, वाइल्डलाइफ एसओएसचे डॉक्टर आणि काळजीवाहक, अभ्यासक, तालुक्याचे पशुवैद्य, सरपंच आणि पोलीस पाटील, प्राथमिक प्रतिसाद पथकांतले तरुण, ‘एकटे जाऊ नका, संध्याकाळी मोठ्याने बोलत चला’ असे मुलांना शिकवणारे शिक्षक, विहिरीवर बाज आणून देणारे शेजारी या साऱ्यांनी मिळून हे काम उभे केले.

पुढची कामेही स्पष्ट आहेत. उघड्या विहिरींना कठडे हवेत, गोठे बंदिस्त हवेत, रानात दिवसा वीज हवी, कुत्र्यांचे लसीकरण गावोगाव नियमित हवे. त्यांतले एकही काम एकट्या केंद्राच्या हातातले नाही. तरीही वीस वर्षांत इथे काय साधले, याचे उत्तर दर हंगामात उसाच्या फडात मिळते. पाचट बाजूला करताना पिले दिसतात. तोडणीवाला कोयता खाली ठेवतो, मुकादमाला हाक मारतो आणि मुकादम वनरक्षकाला फोन लावतो. पूर्वी अशा हाकेवर काठ्या गोळा होत. आता त्या हाकेवर क्रेट आणली जाते, कॅमेरा लावला जातो आणि सगळा फड अंधार पडण्याआधी रिकामा केला जातो, मादीला निर्धास्तपणे येता यावे म्हणून.